संकेत आधी, जेल नंतर

मायक्रोजेल म्हणजे पाण्याने फुगलेल्या पॉलिमरच्या जाळ्याचा बारीक कण. त्याचा आकार शंभरेक नॅनोमीटरपासून शेकडो मायक्रोमीटरपर्यंत कितीही असू शकतो. वजनाने पाहिलं तर त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि म्हणूनच तो शरीरातल्या मऊ ऊतींच्या जवळचा वाटतो. जाळ्याची रसायनं नीट निवडली, तर तापमान, आम्लता, साखर किंवा एखादं विकर बदलताच हा कण फुगतो, आकसतो किंवा विरघळून जातो. औषध पोटात घेऊन फिरणारा आणि आजाराची जागा आली की ते मोकळं करणारा कण, हे या क्षेत्राचं मोठं स्वप्न याच गुणावर उभं आहे. प्रयोगशाळेत या कणांच्या सहवासात काम करताना माझं एक मत हळूहळू पक्कं होत गेलं. आपण कणाच्या प्रतिसादावर फार मेहनत घेतली आणि शरीर जो संकेत देतं त्याच्याकडे फार कमी पाहिलं. जिथे शरीराचा संकेत ठळक आहे, तिथे अगदी साधं रसायनही काम करून जातं. जिथे तो पुसट आहे, तिथे कितीही कुशल रसायन उपयोगी पडत नाही. हे ध्यानात घेतलं तर कुठल्या कामात वेळ आणि पैसा घालावा आणि कुठल्या कामाला नम्रपणे मूलभूत संशोधन म्हणावं, हे बरंच स्पष्ट होतं.

या कणांची मोहिनी का पडते, हे आधी सांगायला हवं, कारण ती खोटी नाही. एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड हा मोनोमर, साखळ्या एकमेकींना सांधणारा थोडा क्रॉसलिंकर आणि चिमूटभर साबणासारखा पदार्थ पाण्यात विरघळवून द्रावण नायट्रोजनखाली सत्तर अंशांवर ठेवायचं आणि त्यात परसल्फेट सोडायचं. काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग काचेसारख्या स्वच्छ द्रावणावर निळसर झाक येते, ती दाट होते आणि बघता बघता फ्लास्क दुधासारखा पांढरा होतो. सॅम्पल थंड केलं की हे दूध पुन्हा जवळजवळ पारदर्शक होतं, कारण कण फुगून पाण्याइतकेच विरळ झालेले असतात. विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार मोजणाऱ्या डीएलएस यंत्रात पंचवीस अंशांवर सहाशे नॅनोमीटर व्यासाचा दिसणारा कण चाळीस अंशांवर तीनशेचा झाला, तर त्याचं घनफळ एक अष्टमांशावर आलेलं असतं. हेस्किन्स आणि गिये यांनी या पॉलिमरचं द्रावण बत्तीस अंशांच्या आसपास गढूळ होतं हे १९६८ साली नोंदवलं. १९७८ मध्ये एमआयटीत तोयोइची तानाका यांनी दाखवलं की जेलचं आकसणं ही खरोखरची अवस्थांतराची घटना असू शकते. १९८६ मध्ये पेल्टन आणि शिबान्ते यांनी याच पॉलिमरचे मायक्रोजेल पहिल्यांदा बनवले. बत्तीस हा आकडा शरीराच्या सदतीस अंशांच्या इतका जवळ आहे, की तेव्हापासून ‘पीनायपॅम’ हे या पॉलिमरचं लघुनाव आणि औषध हे दोन शब्द एकत्र उच्चारले जाऊ लागले.

आकार लहान केल्याने मिळणारा फायदाही पक्का आहे. तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार जेलला फुगायला किंवा आकसायला लागणारा वेळ त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे मिलिमीटरच्या जेलला तास लागत असेल, तर त्याच्या एक हजारांश आकाराच्या कणाला लागणारा वेळ दहा लाखपटीने कमी, काही मिलिसेकंदांवर येतो. जाळं पाणी का धरतं आणि का सोडतं, याचा सिद्धांत घडवण्यात पुण्याचा वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात जेलमधल्या हायड्रोजन बंधांचा हिशोब मांडणारं काम केलं. तिथेच घडलेल्या शायनी वर्गीस यांनी पुढे अमेरिकेत, माशेलकर आणि लेले यांनाही सोबत घेऊन, आम्लधर्मी पाण्यात कापलेले तुकडे आपोआप सांधणारं जेल २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. बांधणी, वेग, सिद्धांत या तिन्ही बाजू भक्कम आहेत. अडचण या तीनपैकी कशातच नाही.

अडचण कुठे आहे, ते आकड्यांनी पाहू. जठरातली आम्लता साधारण पीएच दोनच्या आसपास आणि लहान आतड्याच्या शेवटी सातच्या आसपास असते. पीएचची मोजपट्टी लॉगरिदमिक असल्याने हा हायड्रोजन आयनांमधला एक लाखपट फरक झाला. पेशीच्या बाहेर ग्लुटाथायोन काही मायक्रोमोलर असतं आणि पेशीच्या आत काही मिलिमोलर, म्हणजे हजारपटीच्या घरातला फरक. आता दुसऱ्या टोकाला पाहा. रक्ताचा पीएच ७.४ आणि अनेक गाठींच्या भोवतालचा ६.८ धरला, तर हायड्रोजन आयनांमधला फरक जेमतेम चौपट भरतो. उपाशीपोटी रक्तातली साखर पाच मिलिमोलर आणि मधुमेहात वाढलेली पंधरा धरली, तर फरक तिप्पट. ताप आणि निरोगी शरीर यांच्यात दोन-तीन अंश. शोधनिबंधांमध्ये मात्र या सगळ्यांना ‘स्टिम्युलस’ या एकाच नावाखाली एका ओळीत बसवलं जातं, जणू लाखपट आणि चौपट ही एकाच जातीची गोष्ट आहे. प्रयोगशाळेत पीएच ७.४ च्या बफरमध्ये औषध कोंडून ठेवायचं आणि पीएच पाचच्या बफरमध्ये सोडायचं, असा आलेख काढून खाली गाठीच्या उपचाराचं वाक्य लिहिणं फार सोपं आहे. पण पाच हा पीएच गाठीभोवती नसतो, तो पेशीच्या आतल्या लायसोसोमच्या आसपासचा आहे. कण तिथवर पोचला तरच तो आलेख खरा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की अवस्थांतर तीव्र असतं, आणि म्हणून लहानसा फरकही पुरतो. पाण्यातल्या शुद्ध पीनायपॅमपुरतं हे खरं आहे. पण कामाला घेतलेला कण शुद्ध राहत नाही. आम्लता कळावी म्हणून अॅक्रिलिक अॅसिड मिसळलं की संक्रमणाचं तापमान सरकतं आणि उतार पसरट होतो. बफरमधले क्षार ते खाली ओढतात, कणात भरलेलं औषध त्याला आणखी हलवतं आणि रक्तातली प्रथिनं पृष्ठभागावर चिकटून बसतात. शिवाय क्रॉसलिंकर मोनोमरपेक्षा लवकर संपत असल्याने एकेका कणाचा गाभा घट्ट आणि बाहेरचा थर विरळ बनतो. म्हणजे एकाच कणाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी आकसतात. प्रयोगाच्या टेबलावर दोन अंशांत उरकणारा बदल शरीरात पाच-सहा अंशांवर पसरला, की दोन अंशांचा ताप त्याला नीट ओळखूच येत नाही. साखरेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. फेनिलबोरॉनिक अॅसिड साखरेला धरतं, पण त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते अर्धं भारित होतं तो आकडा, आठ-नऊच्या घरात असल्याने रक्ताच्या पीएचला ते अर्धवटच काम करतं. फ्रुक्टोजला ते ग्लुकोजपेक्षा जास्त घट्ट धरतं आणि लॅक्टेटलाही जवळ करतं. १९९८ मध्ये काताओका यांच्या गटाने साखरेनुसार इन्सुलिन सोडणारं संपूर्ण कृत्रिम जेल दाखवलं. ते काम अस्सल आहे आणि त्यानंतर पीकेए खाली आणण्यावर बरंच चांगलं संशोधन झालं आहे. पण इन्सुलिनच्या बाबतीत चुकीच्या वेळी थोडं जास्त सुटणं म्हणजे रुग्ण बेशुद्ध पडणं. तिप्पट फरकाच्या संकेतावर इतकी मोठी जबाबदारी टाकताना हात थबकायलाच हवा.

संकेत ठळक असेल तिथे काय होतं, याचा पुरावा आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतो. मेथॅक्रिलिक अॅसिडच्या पॉलिमरची आवरणं जर्मनीतल्या रोम कंपनीने १९५० च्या दशकात आणली. जठराच्या आम्लात न विरघळणारी आणि आतड्यात विरघळणारी ही आवरणं आज पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्यांवर सर्रास असतात. त्यामागचं रसायन आणि आम्लता ओळखणाऱ्या मायक्रोजेलचं रसायन एकाच कुळातलं आहे. त्याला कुणी स्मार्ट म्हणत नाही, पण ते रोज लाखो माणसांच्या पोटात बिनचूक काम करतं. मात्र ठळक संकेत असला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. निकोलस पेपास यांच्या गटाने १९९९ मध्ये याच तत्त्वावरच्या कणांमधून उंदरांना तोंडावाटे इन्सुलिन दिलं आणि त्यांची साखर उतरली. जठर पार करण्याचा प्रश्न संकेताने सोडवला. पण आतड्याच्या भिंतीतून इन्सुलिन पुरेसं आणि दर वेळी सारखं शोषलं जाणं हा वेगळा प्रश्न होता आणि आम्लतेचा कुठलाही फरक तो सोडवत नाही. संकेत कणाला उघडतो, पुढचा रस्ता चालून देत नाही.

रुग्णालयात पोचलेल्या औषधवाहू जेल-कणांचं एक ठोस उदाहरण म्हणजे यकृताच्या कर्करोगात वापरले जाणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे दाणे. त्यांच्या जाळ्यात सल्फोनेटचे ऋण भार असतात आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध धन भाराचं. औषध साध्या पाण्यात विरघळवून त्यात दाणे सोडले की दाणे लाल होत जातात आणि वरचं द्रावण फिकं पडतं. इथे सलाइन वापरायचं नसतं, कारण मिठाचे आयन औषधाची जागा घेतात. हीच गोष्ट उलटी फिरवून उपयोगी केली आहे. कॅथेटरने दाणे यकृताच्या धमनीत सोडले की ते गाठीचा रक्तपुरवठा रोखतात आणि शरीरातलेच क्षार औषध हळूहळू बाहेर काढतात. मीठ हा संकेत सगळीकडेच आहे, म्हणून इथे जागा निवडण्याचं काम कणाने केलेलं नाही, कॅथेटरने केलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन-व्ही चाचणीत २१२ रुग्णांवर याची जुन्या पद्धतीशी तुलना झाली. गाठीने प्रतिसाद देण्याचं प्रमाण ५१.६ टक्के विरुद्ध ४३.५ टक्के आलं आणि श्रेष्ठत्व सिद्ध झालं नाही. पण डॉक्सोरुबिसिनचे दुष्परिणाम स्पष्टपणे कमी झाले. मला या निकालात मोठी शिकवण दिसते. कणाची खरी कमाई औषध जागेवर धरून ठेवण्यात होती आणि ती रुग्णासाठी लहान नाही.

दुसरा आक्षेप असा की शरीराचा संकेत पुसट असेल तर आपण बाहेरून द्यावा. चुंबकाने तापवावं, प्रकाश टाकावा, ध्वनिलहरी सोडाव्यात. तत्त्वतः हे योग्य आहे आणि डोळा, त्वचा, सांधे अशा हाताला लागणाऱ्या जागांसाठी मला ते आशादायकही वाटतं. पण बाहेरचा संकेत जागेवर, पुरेसा आणि पुरेसा वेळ पोचला पाहिजे. या बाबतीत मायक्रोजेलच्या शेजारचा एक अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. चाळीस अंशांच्या थोडं वर उघडणाऱ्या लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, डॉक्सोरुबिसिन भरून यकृताची गाठ रेडिओलहरींनी तापवण्याच्या उपचारासोबत देण्याची मोठी चाचणी झाली. २०१३ च्या सुरुवातीला तिचा मुख्य हेतू साध्य न झाल्याचं जाहीर झालं. मग गाठ जास्त वेळ तापवली तर फायदा दिसेल, असा तर्क निघाला आणि किमान पंचेचाळीस मिनिटं तापवण्याच्या अटीवर पुढची चाचणी उभी राहिली. २०२० मध्ये तिथेही आशा मावळली. लायपोसोम योग्य तापमानाला उघडत होते, रसायनाने दगा दिला नव्हता. शिवाय रक्तातून गाठीकडे निघालेल्या कणांचा प्रश्न आहेच. २०१६ मध्ये विल्हेल्म आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांतल्या शोधनिबंधांचा हिशोब केला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. बाकीचे बहुतांशी यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. शंभरातला एकही कण पोचत नसेल, तर पोचल्यावर तो किती हुशारीने उघडतो हा दुय्यम प्रश्न ठरतो.

ऊतींच्या पुनर्निर्मितीकडे वळलं की माझा मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध होतो. तिथे सगळ्यात यशस्वी झालेला तापमानाचा संकेत शरीराच्या बाहेरचा आहे. तोक्यो महिला वैद्यकीय विद्यापीठात तेरुओ ओकानो यांच्या गटाने पेशी वाढवण्याच्या प्लेटवर पीनायपॅमचा अतिशय पातळ थर चढवला. सदतीस अंशांवर पेशी त्याला धरून वाढतात. प्लेट वीस अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी पितो आणि पेशींची अखंड चादर सुटून येते. पेशी सोडवायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या ट्रिप्सिन या विकराने त्यांची प्रथिनं कापली जातात, इथे पेशींनी विणलेला आधारही चादरीसोबत शाबूत येतो. २००४ मध्ये निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशींपासून अशा चादरी बनवून त्यांच्याच डोळ्यांच्या पारपटलावर, टाके न घालता, बसवल्या आणि दृष्टी सुधारली. सतरा अंशांचा फरक, आणि तो कधी द्यायचा हे माणसाच्या हातात. संकेत याहून स्पष्ट असू शकत नाही. त्याच प्लेटवर सोडवलेल्या मांडीच्या स्नायूच्या पेशींच्या चादरी हृदयविकारासाठी जपानने २०१५ मध्ये सशर्त मान्य केल्या. २०२४ मध्ये मात्र तिथल्या तज्ज्ञांच्या समितीने परिणामकारकता दिसली नसल्याचं सांगितलं. पृष्ठभागाने आपलं काम चोख केलं होतं. हृदय बरं होणं हे त्या पेशींच्या जीवशास्त्रावर अवलंबून होतं, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात.

जखम भरण्याच्या कामात मायक्रोजेलचं मोल त्याच्या कणपणातच आहे. काळ्या चिकणमातीत पाऊस मुरायला वेळ घेतो आणि मुरमाड जमिनीत तो दाण्यांमधून सरळ उतरतो, तसंच पेशींचं आहे. अखंड जेलमध्ये शिरण्यासाठी त्यांना आधी जाळं खाऊन वाट करावी लागते. कण एकमेकांना चिकटवून केलेल्या भरावात मधल्या पोकळ्या पहिल्या दिवसापासून मोकळ्या असतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रिफिन, सेगुरा, डी कार्लो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं. मायक्रोफ्लुइडिक यंत्रात बनवलेले एकसारखे कण त्यांनी जखमेत सोडले आणि रक्ताची गुठळी पक्की करणाऱ्या फॅक्टर तेरा या विकराने ते जागेवरच सांधले. उंदरांच्या जखमा अखंड जेलपेक्षा लवकर भरल्या. २०२१ मध्ये याच परंपरेतल्या कामात जाळं हळू विरघळावं म्हणून आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या रचनेच्या अमिनो आम्लांचे सांधे वापरले गेले. प्रत्यक्ष शरीरात ते उलट लवकर विरघळले, कारण प्रतिकारशक्ती जागी झाली होती. आणि त्याच जागेपणामुळे उंदरांच्या नव्या त्वचेत केसांची मुळंही दिसू लागली. कणाच्या मऊपणाची गोष्टही अशीच आहे. डेसिमोन यांच्या गटाने २०११ मध्ये तांबड्या पेशींच्या आकाराचे जेल-कण आठपट मऊ केले, तर रक्तात टिकण्याचा त्यांचा अर्धायुकाल सुमारे तीसपट वाढला. २०१४ मध्ये ब्राउन, लायन, बार्कर आणि सहकाऱ्यांनी अत्यंत मऊ कणांवर फायब्रिन ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा बसवून प्लेटलेटसारखं वागणारा कण बनवला. फायब्रिन गुठळीतच तयार होतं. इथेही संकेत ठळक, आणि बाकी काम मऊपणाने केलं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. मूलभूत संशोधनाला असा ताबडतोब उपयोगाचा चष्मा लावला असता, तर ओकानोंची प्लेटही जन्मली नसती. हे मला मान्य आहे. पीनायपॅमचा मायक्रोजेल हे मऊ पदार्थांच्या भौतिकशास्त्राला मिळालेलं अप्रतिम साधन आहे, आणि त्याचा अभ्यास उपचाराचं आश्वासन न देताही करण्याजोगा आहे. माझी हरकत आश्वासनाला आहे. या पॉलिमरचा कणा शरीरात तुटत नाही, त्याचा मोनोमर विषारी आहे, म्हणूनच तो धुऊन काढण्यासाठी कणांचं कित्येक दिवस पाणी बदलत डायलिसिस करावं लागतं. मूत्रपिंड साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या वरचं फारसं बाहेर टाकत नाही. शंभर नॅनोमीटरचा न तुटणारा कण रक्तात सोडायचा, तर तो पुढे कुठे राहणार याचं उत्तर पहिल्याच पानावर हवं. कायटोसान, जिलेटिन, हायल्युरोनिक अॅसिड घेतलं की हा प्रश्न बराच सुटतो, पण मग बॅचगणिक बदलणारा रेणुभार आणि एंडोटॉक्सिन यांच्याशी झुंजावं लागतं. यातलं काहीच अशक्य नाही. पण या गोष्टी कणाची बांधणी सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात, शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘भविष्यातील कार्य’ म्हणून ढकलायच्या नसतात.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पॉलिमर निवडण्याआधी तीन प्रश्नांची आकड्यांनी उत्तरं लिहावीत, असं मी आग्रहाने म्हणतो. शरीरातल्या ज्या जागी कण उघडायचा आहे, तिथला संकेत आणि वाटेवरचा संकेत यांत किती पट फरक आहे? तिथवर किती कण पोचतील आणि कशामुळे? काम झाल्यावर जाळ्याचं काय होईल? आणि प्रयोगात औषध किती सुटलं याच्या आलेखाशेजारी, संकेत नसताना किती गळलं याचाही आलेख तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा, रक्तातले क्षार आणि प्रथिनं घालून काढलेला. मधुमेहाने न भरणाऱ्या पायाच्या जखमा आपल्याकडे घराघरात आहेत. तिथे कण थेट जखमेवर पडतो, त्यामुळे पोचण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा जखमांमध्ये ऊती खाणारी विकरं मुबलक असतात, म्हणजे संकेतही ठळक असतो. विरघळणारे, एकसारखे, परवडणारे कण बनवण्याची विद्या आपल्याजवळ आहे. रक्तातून गाठ शोधत जाणाऱ्या कणाइतकं हे काम दिमाखदार दिसणार नाही. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जिथे आज समाधानकारक येतात, अशी ही जागा आहे, आणि आपल्या कष्टांवर पहिला हक्क तिचा आहे.